अपडेट चालू असतानी लाईन गेली, काट्याचा कॉम्प्युटर उठून नाही रायला

काटेवाला · रविवार, रात्री ८:१०

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात रोडवर आमचा गाड्या तोलायचा धर्मकाटा आहे. सीतादही (वेचणीआधीची पूजा) झाली, कापसाची वेचणी सुरू झाली, अन् नेमका आता कॉम्प्युटर बसला.

जुना असेंबल डेस्कटॉप आहे. एच६१ बोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, मागच्या साली टाकलेली २४० जीबीची एसएसडी, विंडोज १०. याला नेट नाही, कधीच नव्हतं. गुरुवारी भाचा आला. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा म्हणून त्यानं मोबाइलचं हॉटस्पॉट दिलं अन् ते चालूच ठेवून जेवायला गेला. संध्याकाळी बंद करतो तर 'अपडेट अँड शट डाउन'. दुसरं काही दिसलं नाही, दाबलं. ३० टक्क्यांवर चाक फिरत होतं तेवढ्यात डीपी उडाली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, वीस मिनिटं ओढली अन् तीही गेली. शुक्रवार-शनिवार गावात लाईनच नव्हती. आज दुपारी आली.

आता चालू केला की लोगो येते, ठिपके गोल फिरतात, मग निळी स्क्रीन अन् उदास तोंड. आपोआप रिस्टार्ट. तिसऱ्या वेळी 'ऑटोमॅटिक रिपेअर' म्हणते अन् शेवटी 'तुमचा पीसी दुरुस्त करता आला नाही'.

फॉरमॅट मारा असं कोणी सांगू नका. काट्याचं सॉफ्टवेअर डिस्कच्या नंबराशी बांधलेलं आहे. ज्यानं टाकून दिलं तो आता फोन उचलत नाही. तीन वर्षांच्या पावत्या अन् सगळ्या गाड्यांची रिकामी वजनं त्यात आहेत. उद्या सकाळी सातपासून कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) लागतील.

खोडरबर · रात्री ८:१६

रॅम काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, परत बसवा. नव्वद टक्के केसेस इथंच संपतात.

पऱ्हाटी · रात्री ८:१९

हा माणूस मोडलेल्या बंडीलेही खोडरबर लावन.

कोथरूडकर · रात्री ८:३१

इतका जुना संगणक व्यवसायासाठी वापरणं हाच मुळात धोका आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसऱ्या पिढीच्या आय३ वर विंडोज ११ अधिकृतपणे बसतच नाही; इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. दुरुस्तीवर वेळ घालवण्यापेक्षा एखादा मिनी पीसी घेऊन टाका.

काटेवाला · रात्री ८:४०

दादा, मिनी पीसीच्या मागं सहसा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट नसते. काट्याच्या इंडिकेटरमधून वजन त्याच तारेनं येते. दोन साल आधी लॅपटॉपवर यूएसबीचं निळं कन्व्हर्टर लावून पाह्यलं होतं. आठ दिवस चाललं, मग नवीन ड्रायव्हर आला अन् डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड १०. तेव्हापासून हाच डबा जपून ठेवला.

सोल्डर_सम्राट · रात्री ८:४८

कोड १० म्हणजे आतली चिप नकली किंवा फार जुनी होती. नवे ड्रायव्हर तसल्या चिपला उभंच करत नाहीत. चांगल्या चिपचं कन्व्हर्टर मिळतं, पण तो विषय नंतर. आधी एक सांगा, 'उठत नाही' म्हणजे उदास तोंडाच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? सगळं उत्तर त्या ओळीत असतं आणि लोक नेमकी तीच ओळ सोडून बाकी सगळं सांगतात.

सेतूवाली_ताई · रात्री ८:५५

दादा, तोपर्यंत उद्याच्या बंड्यांचं पाहा. इंडिकेटर तर कॉम्प्युटरशिवायही वजन दाखवते ना? हातानं पावती फाडा. आमच्या केंद्रात सर्व्हर गेला की मी वहीत नोंद करते अन् मग रात्री भरते. लोक कुरकुर करतात, पण थांबतात.

काटेवाला · रात्री ९:०२

ताई, वजन दाखवते. पण हातच्या पावतीवर कोणी विश्वास ठेवत नाही. जिनिंगवाला म्हणते छापील आण, अन् शेतकऱ्याला वाटते काटेवाल्यानं पाच किलो खाल्ले. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा आवाज आला म्हणजे त्याले बरं वाटते.

सम्राट भाऊ, फोटो काढून झूम करून वाचलं. 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

अर्ध्या_रात्रीचा_अ‍ॅडमिन · रात्री ९:२०

म्हणजे विंडोज अर्धी उभी राहिली आणि स्वतःचीच डिस्क तिला सापडेना. अपडेट मध्येच तुटलं की असं होऊ शकतं. नवीन फाइली आधी बाजूला रचून ठेवलेल्या असतात, खरी अदलाबदल बंद-चालू होताना होते. त्यात वीज गेली तर पुढच्या वेळी विंडोज स्वतःच बदल मागे घ्यायला बघते. तुमच्याकडे तिथपर्यंत ती पोचतच नाहीये.

आता शांतपणे. 'दुरुस्त करता आला नाही' वाल्या पडद्यावर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मध्ये पहिला पर्याय क्वालिटी अपडेटचा असतो, तो घ्या. 'रीसेट धिस पीसी' ला बोटही लावू नका. 'माझ्या फाइली ठेवा' असं ते गोड बोलतं, पण टाकलेली सॉफ्टवेअरं उडवतं. तुमचं काट्याचं गेलंच समजा.

टक्स_पेंग्विन · रात्री ९:२३

लिनक्स टाका. अपडेट कधी करायचं ते तुम्ही ठरवता.

पऱ्हाटी · रात्री ९:२५

आला. मी म्हटलं अजून काहून नाही आला.

काटेवाला · रात्री १०:०५

अनइन्स्टॉल केलं. दहा मिनिटं फिरलं अन् 'काहीतरी अडचण आली' म्हणून परत. सिस्टिम रिस्टोर पाह्यलं तर एकही पॉइंट नाही. आता हातपाय गळाले.

सोल्डर_सम्राट · रात्री १०:१५

काटेवाले, आधी डेटा. एसएसडी काढा, साटा-टू-यूएसबीच्या तारेनं दुसऱ्या लॅपटॉपला लावा, काट्याच्या सॉफ्टवेअरचं पूर्ण फोल्डर कॉपी करा. बहुतेक काट्यांचा डेटा एका एमडीबी (डेटाबेसच्या) फाइलीत असतो, काही एमबींचा. ती हातात आली की रात्री झोप लागेल. नंतर काय प्रयोग करायचे ते करा.

सेतूवाली_ताई · रात्री १०:२२

हे शंभर टक्के. मागच्या साली माझ्या केंद्राचा पीसी दुरुस्तीला दिला होता. सांगितलं होतं, 'डी ड्राइव्हला हात लावू नको.' त्या पोरानं डिस्कचे सगळे भाग पुसून एकच मोठा सी ड्राइव्ह करून दिला, अन् वर कौतुकानं सांगते, 'ताई, जागा वाढवून दिली.' लोकांची स्कॅन केलेली कागदं, माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो, सगळं जागेत गेलं.

निवृत्त_हेडमास्तर · रात्री १०:४०

ताई, फार वाईट वाटले. आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्यावर मखमली कापड घालून कुलूपबंद खोलीत ठेवला होता. चप्पल बाहेर काढावी लागे. दोन वर्षे कोणी हात न लावल्याने तो अगदी सुस्थितीत राहिला.

पऱ्हाटी · रात्री १०:४४

गुर्जी 😂 आमच्या घरी उलट हाय. समोरच्या खोलीत कापसाची गंजी अन् बाजूले कॉम्प्युटर. मागच्या दिवाईत पंखा बंद पडला म्हनून डबा खोलला, तं पंख्यात कापूस असा गुंडायला होता की वातीच वया. माय म्हने फेकू नको, निरांजनाले होते.

काटेवाला · सोमवार, सकाळी ६:३०

शेजारच्या पोट्ट्याकडून तार आणली. रात्री साडेबारापर्यंत बसलो. फोल्डर कॉपी झालं, एमडीबी फाइल लॅपटॉपवर उघडली, गुरुवारच्या पावतीपर्यंत सगळं दिसलं. सम्राट भाऊ, तुमचं पोट भरून जेवण लागू.

एसएसडी परत लावली. निळं तोंड तसंच. आता बंड्या लागल्या, हातानं पावत्या फाडतो. संध्याकाळी पाहू.

टक्स_पेंग्विन · सकाळी ९:१२

अपडेटच कायमचे बंद करा, हा खरा इलाज. ज्या पीसीला नेट नाही त्याला कोण येऊन खाणार आहे?

अर्ध्या_रात्रीचा_अ‍ॅडमिन · सकाळी ९:५०

असहमत. वॉनाक्राय व्हायरस आठवतोय? मे २०१७. त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं नाही त्यांच्या मशिनी कुलूपबंद झाल्या. 'आमच्याकडे नेट नाही' म्हणणाऱ्यांकडे पेनड्राइव्ह तर येतोच ना, भाच्याचा?

टक्स_पेंग्विन · सकाळी ९:५८

आणि १९ जुलै २०२४? क्राउडस्ट्राइकच्या एका फाइलीनं ८५ लाख विंडोज मशिनी निळ्या केल्या. विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहिले, आपल्या काटेवाल्यासारखे.

अर्ध्या_रात्रीचा_अ‍ॅडमिन · सकाळी १०:०५

ते विंडोजचं अपडेट नव्हतं, सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं होतं. त्या दिवशी मी झोपलो नव्हतो, मला शिकवू नका. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची, एवढंच काम, पण प्रत्येक मशिनीसमोर बसून. आणि ज्यांची डिस्क बिटलॉकरनं बंद, त्यांना आधी ४८ आकडी किल्ली शोधावी लागत होती. काटेवाल्यांना ते झंझट नाही, हे नशीब.

असो, काटेवाले, संध्याकाळी हे करा. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. तिथे विंडोज सी वरच असेल असं धरून चालू नका, बऱ्याचदा ती डी किंवा ई वर दिसते. प्रत्येक अक्षरावर 'डीआयआर' मारून विंडोजचं फोल्डर कुठं आहे ते पाहा. मग डीआयएसएम या विंडोजच्या दुरुस्ती-साधनाची 'रिव्हर्ट पेंडिंग अ‍ॅक्शन्स' (अर्धवट बदल मागे घ्या) वाली कमांड, त्या अक्षरासह. नेमकी कशी टाइप करायची त्याचा फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवतो. ही कमांड काम तिथल्या तिथे करत नाही, पुढच्या बूटला करायचं म्हणून नोंदवून ठेवते.

कोथरूडकर · सकाळी ११:३०

एक बाळबोध प्रश्न. बंडीसकट कापूस तोलतात, मग बैलांचं वजन कसं वजा करतात?

पऱ्हाटी · सकाळी ११:३४

बैल सोडून घेतेत, नाही तं कापूस रिकामा करून बंडी-बैल परत काट्यावर चढवतेत. सायेब, मध्येच बैलानं शेण टाकलं तं तेवढा कापूस वाढते कागदावर. काटेवाले, खरं हाय का नाही?

काटेवाला · दुपारी १:१५

खरं हाय. म्हणून काट्यावर एक पोट्टा फावडं घेऊन उभाच असते.

काटेवाला · संध्याकाळी ७:५०

केलं. विंडोज डी वर निघाली, अ‍ॅडमिन साहेबांनी सांगितलं नसतं तर मी सी वरच डोकं फोडलं असतं. कमांड यशस्वी म्हणाली. रिस्टार्ट केला. निळं तोंड. दोनदा केलं.

आता पेनड्राइव्हवरून काही करायचं तर बूट मेनू कुठल्या बटणानं येते? चालू करताना माझ्याकडं काळ्या स्क्रीनवर एफ१ किंवा एफ२ विचारते. मी एफ२ दाबतो मग पुढं जाते. त्याच्यातच असते का ते?

सोल्डर_सम्राट · संध्याकाळी ७:५३

थांबा थांबा थांबा.

काळ्या स्क्रीनवर नक्की काय लिहून येतं? आणि हे कधीपासून?

काटेवाला · रात्री ८:०४

'सीमॉस चेकसम बॅड', 'डेट टाइम नॉट सेट'. खाली एफ१ सेटअप, एफ२ डिफॉल्ट लोड करून पुढं चला. काल लाईन आल्यापासून. मला वाटलं अपडेटचंच काही असेल. सेटअपमध्ये जाऊन काही बिघडवू नये म्हणून एफ२ दाबत होतो.

सोल्डर_सम्राट · रात्री ८:२०

काटेवाले, हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर तुमची एक रात्र वाचली असती! 😀

अपडेट अर्धवट राहिलं हे खरं. पण निळं तोंड त्याचं नाही. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, २०३२. बायोसची (विंडोजच्या आधी जागं होणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅमची) सेटिंग आणि घड्याळ तो सांभाळतो. तुमचा सेल कधीचाच मेला असेल, पण प्लग चालू असला की बोर्डाला पॉवर सप्लायमधून थोडी वीज मिळत राहते, म्हणून कळलं नाही. डीपी गेली, इन्व्हर्टर गेला, अडीच-तीन दिवस काहीच नाही. बायोस सगळं विसरलं. आणि वर तुम्ही दरवेळी एफ२ दाबून त्याला सांगताय, 'विसरलास ते बरं झालं.'

पुष्कळ एच६१ बोर्डांत साटाचं (डिस्क जोडायच्या पोर्टचं) डिफॉल्ट आयडीई ही जुनी पद्धत असते. एसएसडी टाकली तेव्हा ज्यानं टाकली त्यानं ते एएचसीआय, म्हणजे नव्या पद्धतीचं, केलं असणार आणि त्याच्यावर विंडोज बसवली. आता बोर्ड एका भाषेत बोलतो, विंडोज दुसऱ्या. दुरुस्तीच्या पडद्याकडे दोन्ही ड्रायव्हर असतात, म्हणून तिथून डिस्क नीट दिसत होती.

एफ१ दाबा. साटा मोड शोधा. आयडीई असेल तर एएचसीआय करा. एफ१० ने सेव्ह. आणि तो प्लग आता कोणालाही काढू देऊ नका.

अर्ध्या_रात्रीचा_अ‍ॅडमिन · रात्री ८:२६

च्यायला. मी 'बूट डिव्हाइस' वाचलं आणि सरळ अपडेटच्या मागे धावलो. वेळ जुळली की माणूस तिथंच अडकतो. सम्राटांना सलाम.

खोडरबर · रात्री ८:२८

मी पहिल्याच प्रतिसादात डबा उघडायला सांगितला होता. उघडला असता तर सेल दिसला असता. नोंद घ्यावी.

काटेवाला · रात्री ९:४५

आयडीईच होतं!! एएचसीआय केलं. लोगो आला, ठिपके फिरले, अन् निळ्याच्या ठिकाणी 'अपडेट पूर्ण करता आले नाहीत, बदल मागे घेत आहोत'. मोबाइलमध्ये वेळ लावून बसलो. जुन्या शकुंतला रेल्वेच्या चालीनं गेलं, ती मूर्तिजापुराहून निघून दारव्ह्याले पोचेपर्यंत माणूस उतरून वावरात जाऊन येत होता. ४३ मिनिटं. मग डेस्कटॉप. मग काट्याचं सॉफ्टवेअर. मग बायकोले काट्यावर उभं करून वजन घेतलं, पावती छापली. तिनं पावती फाडून टाकली.

निवृत्त_हेडमास्तर · रात्री ९:५२

अभिनंदन. वहिनींचे चुकले नाही.

अर्ध्या_रात्रीचा_अ‍ॅडमिन · रात्री ९:५८

बदल मागे घेतले ते माझ्याच कमांडमुळे किंवा विंडोजच्या स्वतःच्या बुद्धीनं, पण तेवढं श्रेय मी घेतो. सेल उद्याच्या उद्या बदला. + ची बाजू वर. बदलताना प्लग काढावा लागेल, त्यामुळे साटाचं ते सेटिंग परत एकदा करावं लागेल, विसरू नका.

टक्स_पेंग्विन · रात्री १०:१०

मग शेवटी अपडेट ठेवणार की बंद?

काटेवाला · रात्री १०:१८

कापूस होईपर्यंत कोणतंच हॉटस्पॉट नाही, भाच्यालेही सांगितलं. होळीनंतर काटा रिकामा असते. तेव्हा नवीन बॅटरी इन्व्हर्टरला घालून, डिस्कची कॉपी काढून, मग करीन. अ‍ॅडमिन साहेब रागावू नका.

अर्ध्या_रात्रीचा_अ‍ॅडमिन · रात्री १०:२०

नाही रागवत. पेनड्राइव्ह तेवढा भाच्याचा घेऊ नका.

काटेवाला · मंगळवार, दुपारी १२:४०

एक नवीनच भानगड. सकाळपासून अकरा पावत्या फाडल्या. जिनिंगच्या मुनीमजींचा फोन, 'भाऊ, ह्या पावत्या कोणत्या काळातल्या?' पाहतो तं सगळ्यांवर तारीख ०१/०१/२०१२. साटा बदललं, घड्याळ लावायचं राहूनच गेलं. नेट नाही तर ते आपोआप तरी कुठून सुधरते. अकराही जणांले फोन करून बोलावलं. त्यात एक म्हातारबुवा पावती डोळ्याजवळ धरून म्हणते, 'मी तं त्या साली सोयाबीन पेरलं होतं, कापूस कुठचा?'

सोल्डर_सम्राट · दुपारी १२:५५

😂😂 सेल बदललात का?

काटेवाला · दुपारी १:०५

हाव. दारव्ह्यात घड्याळवाल्याकडं मिळाला. जुना काढून मल्टिमीटर लावला तर तीनच्या जागी १.१ व्होल्ट. एक जास्तीचा पण आणला.

सेतूवाली_ताई · संध्याकाळी ६:२०

तुमचा धागा वाचून मी माझ्या केंद्राचा पीसी मुद्दाम प्लग काढून तासाभरानं लावला. तेच. 'डेट टाइम नॉट सेट'. लगेच त्याच घड्याळवाल्याकडं गेले तर म्हणते, 'ताई, संपले. काट्यावाले भाऊ दुपारी दोन घेऊन गेले, अन् मागाहून त्यांचा भाचा येऊन राहिलेले चार घेऊन गेला.'

काटेवाले, एक इकडं पाठवा.